आधी हात ओले करा

१

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण भिंगरीचं खाणं पावणेसहाचं. वाटीतलं दूध-बिस्कीट निवतंय की नाही, तिला द्यायला उशीर तर होत नाही ना, म्हणून मी दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होते.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. तेव्हा अकरा महिन्यांची. जागी असली की मान गरगर फिरायची. दाराकडे, दिव्याकडे, माझ्याकडे, परत दाराकडे. म्हणून तिच्या बाबांनी हे नाव पाडलं आणि तेच राहिलं.

ती पलंगाची कड धरून उभी होती. उभं राहायला शिकून तीनच दिवस झाले होते. एक हात सोडायची, डुलायची, स्वतःवरच खूश होऊन हसायची आणि धप्पकन पुन्हा कड धरायची. 'आई' म्हणायलाही लागली होती, पण सलग नाही. आधी मोठ्ठा 'आ' करायची, मग पुढचं विसरून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. 'ई' यायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात माझं एक भांडं विसळून व्हायचं.

त्या संध्याकाळी ती 'आ' करून थांबली होती. मी वाटी हातात घेऊन 'ई'ची वाट बघत होते.

तेवढ्यात किर्रर्र असा आवाज आला.

मासा गळाला लागून पळाला की रिळावरची दोरी सुटते, तेव्हा असा आवाज होतो. त्या तळ्याकाठी राहून तो माझ्या कानांत बसला होता. पण आमच्या खोलीत रीळ नव्हतं. मासे धरायच्या काठ्या घेऊन माणसं तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेली होती, होडीने अर्धा तास लागतो तिथे जायला. आणि हा आवाज पलंगाच्या मागून आल्यासारखा, जवळून आला.

भिंगरीची मान डावीकडे ओढली गेली. कुणी तोंडाच्या कोपऱ्यात बोट अडकवून ओढावं तशी. एकदा. थोडं थांबून परत एकदा.

ती रडली नाही. खाली बसली आणि खिडकीकडे बघायला लागली. तिचं तोंड उघडंच होतं.

मी स्वतःला सांगितलं, उचकी असेल. दात येत असतील. मी अशी फार काहीबाही समजूत घालते स्वतःची, कारण मूल झोपलं तरी नाकाखाली बोट धरून बघणारी बाई मी. म्हणून त्या दिवशी मी ठरवलं, उगाच घाबरायचं नाही.

२

आम्ही तिथे पाहुणे नव्हतो. भिंगरीचे बाबा त्या लॉजवर होडी चालवायचे. डोंगरात उंच तळं, काठाला लाकडी लॉज, खोल्या नऊ. शेवटचे तीन तास नुसता खडबडीत रस्ता. शहरातली माणसं तिथे सुट्टीला येतात, लांब लवचिक काठीने खोटी माशी पाण्यावर टाकतात, मासा धरतात, त्याचा फोटो काढतात आणि सोडून देतात. मासा मारायचा नाही हा तिथला नियम. हात लावायच्या आधी हात ओले करायचे, नाहीतर माशाच्या अंगाचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो. आणि सोडताना फेकायचा नाही. पाण्यात दोन्ही हातांनी सरळ धरायचा, त्याचा तोल आला की मग अलगद हात काढायचे.

लॉजच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना हे सगळं म्हणजे श्रीमंतांचं वेड वाटायचं. त्या म्हणायच्या, "दिवसभर मासे धरतात नि सोडतात, आणि आत येऊन मला विचारतात, मावशी, जेवायला काय? मी म्हणते, फोटो खा."

त्या वर्षी भिंगरीचे बाबा म्हणाले होते, "यंदा तुम्ही दोघी पण चला. तुलाही सुट्टी होईल. हवा चांगली आहे." होड्यांच्या शेडवरची खोली आम्हाला मिळाली. एक पलंग, एक टेबल, तळ्याकडे उघडणारी खिडकी. खाली बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून दिवसरात्र टक… टक… वाजायच्या. पहिले दोन दिवस मी कंटाळले. मग ऐकू येईना झालं.

सुट्टी कसली, मी टेबलाला माझा चिमटा लावून कामालाच बसले. माझं काम माशा बांधायचं. सातवी झाल्यावर मी एका कारखान्यात लागले, तिथे लांब टेबलांवर चाळीस बायका हेच करायच्या. चिमट्यात बारीक गळ अडकवायचा आणि त्यावर दोरा, पिसं, केस बांधून किड्यासारखं काहीतरी बनवायचं. माशाला खरं वाटलं पाहिजे. तिथल्या मोठ्या बाई सांगायच्या, "नमुना समोर ठेवायचा आणि डोकं बाजूला ठेवायचं." भिंगातून एकेक माशी बघायच्या. नमुन्यापेक्षा वेगळी दिसली की ब्लेडने कापून पुढ्यात टाकायच्या, बोलायच्यासुद्धा नाहीत. सात वर्षांत माझ्या फार थोड्या कापल्या गेल्या. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, फार होता.

"तुझी माशी बघून खरी माशी लग्नाची मागणी घालेल," असं भिंगरीचे बाबा सगळ्या पाहुण्यांना सांगत फिरायचे. त्यामुळे पाहुणे माझ्याकडे यायला लागले.

त्यात दातांचे डॉक्टर आले.

३

डॉक्टर आता काम करत नव्हते. सव्वीस वर्षं दर उन्हाळ्यात बायकोला घेऊन यायचे. त्या वर्षी एकटेच आले होते. बाई हिवाळ्यात गेल्या.

त्यांनी माझ्या टेबलावर काडेपेटीएवढी डबी ठेवली. आत कापसावर एक माशी होती, निम्मी झडलेली.

"हिने बांधलेली," ते म्हणाले. "दोनच बांधल्या होत्या. एक फार वर्षांपूर्वी माशाने तोडून नेली. ही दुसरी. दरवर्षी हीच टाकायची, दुसरी कुठली नाही. मला अगदी अशीच करून देशील का, मुली?"

"अशीच का हवी, डॉक्टर? माझ्याकडे छान छान आहेत."

"तळ्यात एक जुना मासा आहे. हिला तो पुन्हा बघायचा होता. राहून गेलं बघ. म्हटलं, आपण बघावा तिच्या वतीने."

मी माशी भिंगाखाली धरली. पिवळा दोरा, मानेशी लाल दोऱ्याचे तीन वेढे. सोपं होतं. पंख मात्र कळेना. मऊ, तपकिरी केस. हरणाचे नव्हते, ते जाड आणि आतून पोकळ असतात. सशाचे नव्हते, वासराच्या शेपटीचे नव्हते. आणि प्रत्येक केसाचं टोक सुईसारखं निमुळतं होत गेलेलं. म्हणजे ते केस आधी कधीच कापलेले नव्हते.

मला तिथेच कळायला हवं होतं. बोटांना कळलं असेल, कारण माझ्या पुड्यांमधला प्रत्येक केस मी लावून बघत होते आणि बोटं नाही म्हणत होती. नमुन्याशी जुळत नव्हता. दोन दिवस गेले. जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी भिंगरी दुपारी झोपली होती. डाव्या कानावरची बट तिच्या डोळ्यावर येत होती, कापायला झालीच होती. जन्माचं जावळ ते. मी कात्रीने अलगद कापली आणि कागदात गुंडाळून ठेवायची म्हणून खिडकीशी आले.

उजेडात तिचा रंग बघितला आणि मी कागदाऐवजी चिमट्याकडे गेले.

वाईट असं काही मनात नव्हतं. नमुना समोर होता आणि डोकं बाजूला होतं, एवढंच. गाठ घट्ट बसावी म्हणून दोरा ओठांत ओला केला, बांधला, टोकं सारखी केली. जुन्या माशीशेजारी ठेवली तर मोठ्या बाईंनाही सांगता आलं नसतं, कुठली कुठली.

डॉक्टर भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"केस कसले वापरलेस?"

"आहेत माझ्याकडचे," मी म्हणाले. आमच्या कामात असं सगळं सांगत नाहीत.

"हीसुद्धा असंच म्हणायची," ते म्हणाले.

तो गुरुवार होता. डॉक्टर आणि भिंगरीचे बाबा पाच वाजता होडी घेऊन गेले.

४

साडेसहाला भिंगरीचे बाबा जिना चढून आले ते ओलेचिंब आणि हसत.

"अगं, तुझ्या माशीने कमाल केली! पहिल्याच फेकीला! मासा केवढा, तर एवढासा, वीतभर. पण ताकद बघशील तर! डॉक्टर म्हातारे, त्यांना आवरेना. दोनदा काठी वाकली आणि तुटली दोरी. माशी घेऊन गेला लबाड."

"किती वाजता?"

"घे! जेवलात का नाही विचारलं, किती वाजता विचारलं."

"अहो सांगा ना."

"पाच चाळीस. डॉक्टर मासा लागला की आधी घड्याळ बघतात, सवय आहे त्यांना. का?"

"माशी तोंडाच्या कुठल्या बाजूला लागली होती?"

ते शर्ट पिळता पिळता थांबले. "डाव्या. का, पण?"

मी भिंगरीकडे बघितलं. वाटी तशीच होती, तिने एक घास घेतला नव्हता. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा लाल ठिपका होता.

"डास चावला असेल," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. तिथे एवढी थंडी होती की डास नव्हतेच. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

५

त्यानंतर भिंगरी उभी राहिली नाही. बसवलं तिथे बसायची. 'आ' नाही, हसू नाही. जी मान एक घडी थांबायची नाही ती खिडकीकडे लागून राहिली. मी तिला फिरवून भिंतीकडे बसवलं की थोड्या वेळाने ती सावकाश परत तळ्याकडे वळायची.

खायची, झोपायची, अंगात ताप नव्हता. पण तिच्या उशीला ओल यायची आणि ओलीला होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा वास. जवळ घेतली की गालाला तिचा श्वास गार लागायचा. मावशींनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही पापणी लववत नाही गं."

आम्ही तीन तास खाली उतरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कान, घसा, छाती सगळं तपासलं. वजन वाढलंय म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून भिंगरीच्या बाबांना म्हणाल्या, "मुलीला काही झालेलं नाही. आईला जरा झोपू द्या."

मलाही ते पटवून घ्यायचं होतं. म्हणून मी परीक्षा घ्यायला लागले. स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली आहे, तिला खिडकी नाही. तिथे भिंगरीला पोत्यांमध्ये बसवलं, दोनदा गोल फिरवलं आणि दार लावलं. पाच मिनिटांनी उघडलं, तर ती कोऱ्या भिंतीकडे तोंड करून होती. त्या भिंतीपलीकडे तळं.

योगायोग, मी म्हणाले. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा योगायोग.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात मावशींना बटाटे सोलू लागत होते आणि भिंगरी माझ्या पायाशी चटईवर होती. किर्रर्र आवाज आला. मी मावशींकडे बघितलं. त्यांचे हात चालूच होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. भिंगरीची मान डावीकडे गेली. एकदा, दोनदा, खूपदा. मग ती शांत झाली आणि मला वाटलं संपलं.

मग तिने तोंड उघडलं आणि श्वास घेतलाच नाही.

तोंड उघडत होतं, मिटत होतं, छाती हलत नव्हती. ओठ निळे व्हायला लागले. मी तिला उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून बघितलं. मावशी "पाणी, पाणी" करत धावल्या. तोंडात काही अडकलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं, आठ वाजून दहा मिनिटं. काटा पुढे सरकला. आणि एकदम, कुणी सोडून द्यावं तसा, तिने लांब श्वास घेतला.

न्याहारीला पाहुणे आत आले. टपाल कचेरीतल्या एक बाई होत्या, पहिल्यांदाच आलेल्या, फार आनंदात होत्या.

"मावशी, मला आज पहिला मासा मिळाला! छोटासाच. आणि गंमत म्हणजे त्याच्या तोंडात आधीच कुणाची तरी माशी होती. काय सुंदर बांधलेली! फोटो काढायला जरा वेळ लागला, माझा फोन चालत नव्हता. बिचारा पाण्याबाहेर अगदी गप्प होता हो. मग सोडला."

"किती वाजता सोडलात?" मावशींनी विचारलं. मी नाही, मावशींनी.

"आठ-सव्वाआठ असतील."

मावशींनी किटली खाली ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी 'फोटो खा' म्हणणं सोडलं.

६

मी डॉक्टरांकडे गेले. ते व्हरांड्यात जुन्या माशीची डबी उघडून हातात घेऊन बसले होते.

"डॉक्टर, तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगी आहे. सत्तावीस वर्षांची." डबीतल्या माशीकडे बघत म्हणाले, "घरीच असते. बोलत नाही. खिडकीशी बसते. पहिल्या वर्षी आलो तेव्हा एक वर्षाची होती, बरोबर आणली होती. तेव्हा बोलायला लागली होती दोन-चार शब्द."

"आणि बाईंनी ती माशी कधी बांधली होती?"

त्यांनी डबी मिटली. "मी दातांचा डॉक्टर, मुली. जे दिसतं तेवढंच मी उपटतो. हिने नीट कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. सव्वीस वर्षं होडीत समोरासमोर बसलो."

मी त्यांना सगळं सांगितलं. बटेचं, गुरुवारचं, रविवारचं. मला वाटलं ते हसतील, निदान रागावतील. ते उठले आणि टोपी घालून भिंगरीच्या बाबांना हाक मारायला गेले.

भिंगरीला मावशींकडे ठेवलं. आम्ही तिघं निघालो. डॉक्टरांनी काठी धक्क्यावरच ठेवली, फक्त जाळी घेतली. सकाळचे दहा वाजले असतील. वारा नव्हता. भिंगरीचे बाबा वल्ही मारत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना वाटत होतं, बायकोचं समाधान होऊ दे, एकदाचं मनातून जाऊ दे.

पलीकडच्या टोकाला एक मोठा खडक पाण्यावर वाकला आहे. त्याच्या सावलीत तळ दिसतो. तिथे होडी थांबवली. मी कडेवरून वाकून बघत राहिले. दगड, शेवाळ, एक बुडालेली फांदी. बराच वेळ काही नाही.

मग फांदीच्या पुढे तो होता. आधीपासून असेल, मला आत्ता दिसला. वीतभर. शेपूट किंचित हलवत एका जागी उभा. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा दोरा, लाल तीन वेढे. माझं काम मला ओळखू येतं.

त्याने तोंड उघडलं. मोठ्ठं. आणि तसंच ठेवलं. माझ्याकडे बघत राहिला. मी मनात भांडं विसळून होईल एवढं थांबले. मग त्याने ओठ थोडेसे ताणले.

"मासे तोंड उघडतातच गं," भिंगरीचे बाबा हळू म्हणाले. वल्ही त्यांनी आत ओढून घेतली होती.

मला माहीत आहे मासे तोंड उघडतात. पण मधे एवढा वेळ कोण घालवतं?

मी जाळीकडे हात केला. डॉक्टरांनी जाळी धरून ठेवली. "थांब," म्हणाले. "हिला तो जुना मासा एकदा मिळाला होता. जाळीत घेऊन, चिमटा हातात धरून ही अशीच बसली होती, इथेच. म्हणाली, 'ही उपटली आणि परत नाही आली तर? इकडूनही गेली आणि तिकडूनही गेली तर?' मला वाटलं माशीबद्दल बोलते. शेवटी तसाच सोडला. घरी जाऊन तीन दिवस जेवली नाही."

मी जाळी सोडली. नुसता हात पाण्यात घातला, पूर्ण ओला होऊ दिला आणि बोटं पसरली. तो फांदीजवळून निघाला. हळूहळू, डुलत, मधेच थांबत. माझ्या बोटाला काहीतरी गार, मऊ लागलं. बाळ बोट चोखतं तसं.

तेवढ्यात खडकाखालच्या काळोखातून एक मोठा मासा पुढे आला. फार जुना, एका बाजूने झिजलेला. ओठात गंजलेलं काहीतरी रुतलेलं. तो कुणाला घाबरला नाही. सावकाश येऊन माझ्या हाताच्या आणि लहान्याच्या मधे उभा राहिला. अनोळखी माणसापुढे मोठी बहीण उभी राहते तसा. मग त्याने लहान्याला आपल्या अंगाआड घेतलं आणि दोघं खाली गेले.

डॉक्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"केवढी झाली," ते म्हणाले.

आम्ही परत आलो. धक्क्यावर मावशी भिंगरीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते. "अगं, मघाशी हिने बोट तोंडात घातलं आणि हसली," त्या म्हणाल्या. "अर्धा मिनिट हसली गं. मी तुला हाक मारणार होते, तर बंद झाली."

७

याला तीन वर्षं झाली. आम्ही आता खाली, नदीकाठच्या गावात राहतो. भिंगरी चार वर्षांची आहे. चालते, हाताला धरून नेलं तर. जेवते. मी तिच्याशी दिवसभर बोलते. डाव्या कानावरची बट परत वाढली नाही, तिथे कात्रीची रेघ अजून तशीच आहे. माशा बांधायचं मी सोडलं. माझ्या मांडीवर बसते ती माझीच मुलगी आहे, नाही असं मी कधी म्हणणार नाही. पण तिला न्हाऊ घालताना मला दुसरीची काळजी लागलेली असते.

भिंगरीचे बाबा दर उन्हाळ्यात लॉजवर जातात. आता त्यांना कुणाची समजूत घालायची नसते. प्रत्येक पाहुण्याला होडीत बसवण्याआधी सांगतात, हात ओले करा, पाण्याबाहेर काढू नका, फोटो नको. लोकांना वाटतं, माशांवर फार जीव आहे यांचा. त्यामुळे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच तिची मान ओढली जायची, आणि मी मिनिटं मोजत बसायचे, आणि ते लवकर सोडायचे.

या वर्षी बर्फ वितळताना तळ्याचा बांध फुटला. भिंगरीचे बाबा फोनवर म्हणाले, "निम्मं पाणी गेलं. खडक कोरडा पडलाय." पाण्याबरोबर मासे नदीत उतरले.

नदीवर कुणी मासा सोडत नाही. नदीवर लोक खायला मासे धरतात, त्यात त्यांची काय चूक.

बांध फुटला त्या दिवसापासून भिंगरी डोंगराकडे बघत नाही. तिचं तोंड रोज थोडं थोडं वळतंय, नदीच्या वळणांप्रमाणे. मी तिच्या पाटाखाली जमिनीवर खडूने रेघा मारून ठेवल्या आहेत. परवा ती वरच्या पुलाच्या बाजूला बघत होती. म्हणजे अजून आमच्या गावाच्या वरच आहे. मी सकाळ-संध्याकाळ तिला घेऊन काठाला बसते. पण नदी मोठी आहे आणि माझे हात दोनच.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही मासे धरत नसाल, पण तुमच्या ओळखीत कुणी धरत असेल. काठाला बसणारे, पुलावरून गळ टाकणारे, जाळं लावणारे, बाजारात मासे साफ करणाऱ्या बायका, सगळ्यांना सांगा. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात माशी असेल, पिवळा दोरा, मानेशी लाल तीन वेढे, मऊ तपकिरी केस. तिच्यासोबत एक मोठी असेल, तिच्या ओठातला गळ गंजलेला आहे. त्या दोघींना मारू नका. माशी उपटू नका, उपटल्यावर काय होईल ते मला माहीत नाही, माहीत असणारी बाई आता नाही. पाण्याबाहेर काढू नका, एक क्षणही नको, इथे माझ्या मांडीवर तिचा श्वास थांबतो.

आधी हात ओले करा. मग दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरा. ती तोंड उघडेल, तेव्हा घाई करू नका. तिला पुढचं आठवायला वेळ लागतो, जरा थांबा. आणि हात काढायच्या आधी ती आपली आपण उभी राहते का, तेवढं बघा.